तळघरातल्या कवट्या कोणाच्या?

ऑगस्ट १९०९. जर्मनीच्या ब्रेमेन बंदरातून निघालेली ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ ही बोट न्यूयॉर्कच्या वाटेवर होती. बोटीवर ५३ वर्षांचे मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड आणि त्यांचे ३४ वर्षांचे सहकारी कार्ल युंग होते. अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठाने दोघांनाही व्याख्यानांसाठी बोलावले होते. प्रवासात रोज एकमेकांना स्वप्ने सांगायची आणि त्यांचा अर्थ लावायचा, असा त्यांचा क्रम होता. त्यातले युंग यांचे एक स्वप्न पुढे मानसशास्त्राच्या इतिहासात गाजले.

स्वप्न असे. युंग एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आहेत. घर आपलेच आहे असे वाटते, पण ओळखीचे नाही. दिवाणखान्यात अठराव्या शतकातले नक्षीदार सामान, भिंतींवर मौल्यवान जुनी चित्रे. खाली काय आहे ते पाहावे म्हणून ते जिना उतरतात. तळमजला पंधराव्या-सोळाव्या शतकातला, लाल विटांच्या जमिनीचा, अंधारलेला. एक जड दार उघडले तर तळघराकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या. तळघराच्या भिंती रोमन काळातल्या. तिथल्या एका फरशीला कडी आहे. कडी ओढताच फरशी उचलली जाते आणि आणखी एक अरुंद जिना दिसतो. तो उतरल्यावर खडकात कोरलेली बुटकी गुहा. जाड धूळ, विखुरलेली हाडे, फुटकी मडकी आणि दोन मानवी कवट्या, फार जुन्या, अर्धवट झिजलेल्या. इथे जाग आली.

फ्रॉइड यांचे सगळे लक्ष कवट्यांवर गेले. त्या कोणाच्या, हे ते पुन्हा पुन्हा विचारू लागले. त्यांच्या मते या स्वप्नात कोणाच्या तरी मरणाची दडलेली इच्छा असणार, हे युंग यांनी ओळखले. शेवटी ‘माझी बायको आणि मेहुणी’ असे उत्तर देऊन त्यांनी वेळ मारून नेली. फ्रॉइड यांचे समाधान झाले. आपण तेव्हा खोटे बोललो, हे युंग यांनी आयुष्याच्या अखेरीस सांगितलेल्या आत्मकथनात कबूल केले आहे. हकीकत अर्थातच एका बाजूची आहे. तरी स्वप्नाचा अर्थ लावताना गाडी नेमकी कुठे रुळावरून घसरते, हे तिच्यात लख्ख दिसते. अर्थ लावणाऱ्याला काय ऐकायचे आहे हे स्वप्न पाहणाऱ्याला कळले आणि त्याने तेच सांगितले.

गंमत अशी की याच्या अगदी उलट वागायला शिकवले होते ते फ्रॉइड यांनीच. १८९९च्या नोव्हेंबरात छापलेल्या आणि मुखपृष्ठावर १९०० साल घातलेल्या त्यांच्या स्वप्नांवरील ग्रंथाची पद्धत साधी होती. स्वप्नाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याबरोबर मनात जे येईल ते, लाज न बाळगता, न गाळता बोलायचे. दिसते ती केवळ वरची गोष्ट. तिच्याखाली दडपलेली इच्छा असते आणि ती वेष पालटून येते. अनेक माणसे एका चेहऱ्यात मिसळतात, महत्त्वाची गोष्ट किरकोळ तपशिलात लपते. या ग्रंथाच्या पहिल्या ६०० प्रती खपायलाच कित्येक वर्षे लागली. त्यातला ‘प्रत्येक स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती’ हा आग्रह मात्र टिकला नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक रात्रीमागून रात्र तोच स्फोट पाहत होते. त्यात कसली इच्छा? १९२० साली फ्रॉइड यांनी स्वतःच या स्वप्नांना अपवाद मानले.

युंग यांच्या मनात त्या घराबरोबर काय काय आले, ते त्यांनी नंतर लिहिले आहे. बालपणीचे २०० वर्षे जुने घर आणि त्यातले त्याहून जुने सामान. आईवडिलांच्या मध्ययुगीन म्हणाव्यात अशा श्रद्धा. तरुणपणी वाचलेले कांट आणि शोपेनहाउअर, तेव्हा गाजत असलेला डार्विन, शरीररचनाशास्त्राच्या विभागात काम करताना जडलेला प्राचीन सांगाड्यांचा नाद. स्वप्नाच्याच वर्षी झुरिक सरोवराकाठी क्युसनाख्त इथे त्यांचे नवे घर बांधून झाले होते, हीही आठवण ठेवण्यासारखी आहे. म्हणजे कवट्यांसाठी खून शोधायची गरजच नव्हती. स्वप्न त्यांच्याच मनाच्या घडणीचे होते. युंग आणखी पुढे गेले. गुहेचा थर आपल्या एकट्याचा नसून सगळ्या मानवजातीचा आहे, असे त्यांना वाटले आणि त्यातून ‘सामूहिक नेणीव’ ही कल्पना उभी राहिली. या कल्पनेला प्रयोगाचा भक्कम आधार आजवर मिळालेला नाही. ती एक सुंदर अटकळ आहे, सिद्ध झालेले शास्त्र नव्हे.

युंग यांची दुसरी कल्पना मला अधिक कामाची वाटते. जागेपणीच्या आपल्या एकांगी नजरेची भरपाई स्वप्न करते, असे ते म्हणत. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीचे उपचार पुढे सरकत नव्हते, संभाषण उथळ होत चालले होते. एका रात्री युंग यांना स्वप्न पडले : दरीतून चालताना उंच टेकडीवर एक किल्ला दिसतो. त्याच्या सर्वांत उंच बुरुजाच्या कठड्यावर ती बसली आहे. तिला नीट पाहायला त्यांना मान मागे टाकावी लागते. जाग आली तेव्हा मान अवघडलेली होती. स्वप्नात तिच्याकडे इतके वर पाहावे लागते, म्हणजे जागेपणी आपण तिला खाली लेखत असणार, हे त्यांना उमगले. त्यांनी ते तिला सांगितले आणि उपचारांना गती आली.

मेंदूशास्त्राने यातले किती ठेवले? १९५३ साली शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात ती झोपेची अवस्था नोंदवली. १९७७ साली ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी मांडले की या अवस्थेत मेंदूच्या देठातून उठणाऱ्या संकेतांना वरचा मेंदू जमेल तशी गोष्ट चिकटवतो आणि तेच स्वप्न. तेव्हा मनोविश्लेषण निकालात निघाले असेच अनेकांना वाटले. पण मार्क सोल्म्स यांनी मेंदूला इजा झालेले रुग्ण तपासले. देठ शाबूत असूनही काहींची स्वप्ने थांबली होती आणि त्यांची इजा प्रेरणा-इच्छेशी जोडलेल्या पुढच्या भागातल्या तंतूंना झालेली होती. २००४ साली डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी साधा प्रयोग केला. झोपण्यापूर्वी एखाद्या व्यक्तीचा विचार मुद्दाम टाळायला सांगितलेल्यांच्या स्वप्नात ती व्यक्ती जास्त आली. मनी वसे ते स्वप्नी दिसे हे आपण म्हणतोच. मनातून हाकललेलेही दिसते.

म्हणूनच स्वप्नफलाच्या पुस्तिकांवर माझा विश्वास नाही. साप दिसला की धनलाभ, दात पडला की घरात मृत्यू. ज्या शेतकऱ्याची गाय सर्पदंशाने गेली त्याचा साप, नागपंचमीला वारुळाला जाणाऱ्या आजीचा साप आणि सर्पमित्राचा साप एकच कसा असेल? तसेच परक्याने परस्पर लावलेला अर्थ, मग तो फ्रॉइड यांच्यासारख्या थोर माणसाने का लावलेला असेना, आपल्याला आतून पटत नसेल तर स्वीकारू नये.

करून पाहायचे असेल तर उशाशी वही ठेवा. जाग येताच, मोबाइल हातात घेण्याआधी, जसे आठवेल तसे लिहा, कारण स्वप्न काही मिनिटांतच विरते. ठिकाण, माणसे आणि विशेषतः तेव्हाची भावना टिपा. मग प्रत्येक गोष्टीपुढे मनात पहिले काय येते ते लिहा. एका स्वप्नावरून निष्कर्ष काढू नका. युंगदेखील सुट्या स्वप्नापेक्षा स्वप्नांच्या मालिकेवर भिस्त ठेवत.

आणि एकच भयानक स्वप्न वारंवार पडून झोप उडत असेल, अपघातानंतर किंवा अत्याचारानंतर तेच दृश्य रोज छळत असेल, तर अर्थ शोधत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि नव्या शेवटाची मनात रोज उजळणी करायची, असा उपचार आज उपलब्ध आहे आणि अनेकांची दुःस्वप्ने त्याने कमी होतात. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.