टोमॅटोची मर : औषध नाही, पण उपाय आहे



यंदाच्या मदतनिधीतला काही भाग कोकणात भाजीपाला पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांसाठी द्यायचा असं आपल्या मंडळानं ठरवलं. त्यावर काही सभासदांनी विचारलं, "मग रोग पडला की औषधाचे पैसे पाठवू या, सोपं आहे!" सूचना आपुलकीची आहे. पण ज्या रोगासाठी आपण हा निधी जमवतोय, त्यावर फवारणीचा उपयोग होत नाही. तो का होत नाही आणि पैसा कशावर खर्च करावा, हे देणगी देणाऱ्याला नीट कळायला हवं. म्हणून हा लेख.

या रोगाला पुस्तकात 'जिवाणूजन्य मर' म्हणतात. शेतकरी नुसतं "मर लागली" म्हणतात. झाड हिरवंगार असतं, फुलं-फळं धरलेली असतात. एक दिवस भर दुपारी शेंड्याची पानं माना टाकतात. संध्याकाळी झाड पुन्हा टवटवीत दिसतं, म्हणून वाटतं की पाणी कमी पडलं असेल. माणूस आणखी पाणी देतो. पुढच्या काही दिवसांत झाड पानं पिवळी न पडताच, हिरवंच्या हिरवं कोसळतं. मग शेजारचं, मग सगळी ओळ. बियाणं, खत, मजुरी असा सगळा खर्च झालेला असतो आणि तोडा मात्र हाती लागत नाही.

आत काय घडतं?

हा जिवाणू, राल्स्टोनिया सोलॅनासिएरम, मातीत राहतो. मुळांना झालेल्या बारीक जखमांतून तो आत शिरतो. खुरपणीत मुळं तुटतात, सूत्रकृमी मुळं पोखरतात, तिथे त्याला वाट मिळते. मग खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत तो भराभर वाढतो आणि चिकट बुळबुळीत पदार्थ तयार करतो. नळ्या तुंबतात. मुळाशी पाणी असूनही झाड तहानेनं मरतं. पानांवर कितीही फवारा मारला तरी तो या नळ्यांतल्या जिवाणूंना संपवू शकत नाही. म्हणून झाड कोमेजल्यावर औषधाच्या दुकानात घातलेला पैसा बहुधा वायाच जातो.

कोकण आणि गोव्यात या रोगाला सगळं अनुकूल आहे: उष्ण, दमट हवा आणि जांभ्याची आम्लधर्मी जमीन. टोमॅटोखेरीज वांगी, मिरची, बटाटा, आलं, भुईमूग यांच्यावरही तो येतो. पीक नसलं तरी कामोणीसारख्या तणांवर आणि मातीत तो वर्षानुवर्षं तग धरतो. पाटाच्या पाण्यातून, चपलांना लागलेल्या चिखलातून, कोयत्या-खुरप्यांवरून आणि रोगट रोपांतून तो पसरतो.

ओळखायची सोपी खूण

बुरशीमुळेही टोमॅटोला मर लागते, पण तिच्यात खालची पानं आधी पिवळी पडतात आणि झाड हळूहळू जातं. खात्री करायची तर कोमेजलेल्या झाडाचा बुंध्याजवळचा तुकडा धारदार सुरीनं कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात, कापलेलं टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत त्यातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर. या परीक्षेला खर्च शून्य.

मग उपाय काय?

सगळे उपाय लागवडीच्या आधीचे आहेत. पहिला, पिकाची फेरपालट. टोमॅटोनंतर त्याच जागी वांगी-मिरची घेऊ नये, भात किंवा मका घ्यावा. भातशेतीत पाणी साचून राहतं, तेव्हा या जिवाणूचं प्रमाण कमी होतं. दुसरा, उंच गादीवाफे आणि पाण्याचा निचरा. पाट सोडण्यापेक्षा ठिबक बरं, कारण पाणी एका झाडाकडून दुसऱ्याकडे वाहत नाही. तिसरा, माती तपासून गरजेपुरता चुना. चौथा, ट्रेमध्ये स्वच्छ कोकोपीटवर वाढवलेली निरोगी रोपं. आणि मर दिसलीच, तर झाड मुळासकट, भोवतालच्या मातीसह काढून शेताबाहेर न्यावं, अवजारं धुवावीत.

पाचवा उपाय आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, तो म्हणजे कलमी रोपं. मरीला दाद न देणाऱ्या वांग्याच्या रोपावर टोमॅटोचं कलम बांधायचं. मूळ वांग्याचं, फळ टोमॅटोचं! तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रानं या पद्धतीचा बराच प्रसार केला आहे. असे वांग्याचे वाण गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनंही काढले आहेत. लावताना कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि रोग तिथून शिरतो. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित टोमॅटोही मरीला तोंड देतो. मात्र जिवाणूचे प्रकार जागोजागी वेगळे, त्यामुळे नुसत्या वाणावर भिस्त ठेवून चालत नाही.

हा रोग फक्त तिकडचा आहे असंही नाही. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन इथेच, अमेरिकेत, अर्विन स्मिथ यांनी १८९६ साली केलं. २००३ मध्ये केनियाहून आणि २०२० मध्ये ग्वाटेमालाहून आलेल्या जिरॅनियमच्या रोपांत या जिवाणूचा एक घातक प्रकार सापडला, तेव्हा इथल्या कृषी खात्यानं ती रोपं शोधून नष्ट करवली. फ्लोरिडा-जॉर्जियाकडच्या आपल्या सभासदांच्या बॅकयार्डातही टोमॅटो असा अचानक मान टाकू शकतो. ग्लासाची परीक्षा तिथेही करून पाहा.

आता निधीविषयी. हे पैसे माती परीक्षण, ट्रे-कोकोपीट आणि कलमी रोपं यांवरच खर्च व्हावेत, औषधांवर नाही, असा आमचा आग्रह आहे. कलमी रोप साध्या रोपापेक्षा महाग पडतं. छोटा शेतकरी नेमका तिथेच अडतो, आणि तिथेच आपली मदत कामी येते. भातकापणीनंतरच्या लागवडीसाठी रोपांची तयारी गणपतीच्या सुमारासच सुरू व्हायला हवी. त्यामुळे देणगी द्यायचीच आहे तर कृपया लवकर द्या. मर लागल्यावर आलेल्या पैशानं ते झाड उभं राहत नाही.

लोभ आहेच, तो त्या शेतांपर्यंतही वेळेवर पोहोचावा, ही विनंती.