‘मरायला पण फुरसत नाही’ म्हणणारं क्लिनिक



मागच्या बॅचला एक फिजिओथेरपिस्ट ताई आल्या होत्या. तालुक्याच्या गावी स्वतःचं क्लिनिक, सहा वर्षं झाली. पहिल्याच दिवशी ओळख करून देताना म्हणाल्या, "सर, माझा प्रॉब्लेम गिऱ्हाईक नाही हा नाहीये. मला मरायला पण फुरसत नाहीये."

सगळे हसले. मग त्यांनी पुढचं सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर रोज व्यायाम करून घ्यायचा होता. मुलगी स्वतः फिजिओ. पण एक दिवस त्या रात्री साडेनऊला घरी आल्या, तर वडील पलंगावर बसून मोबाईलवर कुठल्यातरी अनोळखी माणसाचा व्हिडिओ लावून पाय हलवत होते. वडील म्हणाले, "असू दे गं, तू दमून येतेस." वर्गात एकदम शांत झालं.

मला हे कळतं, कारण मी पण तिथून गेलोय. माझं स्टेशनरीचं दुकान. बीबीए केलं होतं, मॅनेजमेंटची पुस्तकं पाठ होती, पण दुकानातल्या प्रत्येक वस्तूचा रेट फक्त माझ्या डोक्यात! एका जूनमध्ये, ऐन शाळेच्या सीझनला, मला कावीळ झाली. दुकान बारा दिवस बंद. पोरगा कामाला होता, पण त्याला रेट माहीत नव्हते. त्या दिवशी कळलं, मी दुकानाचा मालक नव्हतो, दुकान माझं मालक होतं.

आधी वही, मग उपाय

ताईंना मी काहीच सल्ला दिला नाही. फक्त एक वही दिली. तीन दिवस, दर अर्ध्या तासाला, काय केलं ते लिहायचं. खोटं लिहायचं नाही.

चौथ्या दिवशी वही उघडली. दिवसाचे अकरा तास क्लिनिकमध्ये. त्यातले प्रत्यक्ष पेशंटच्या अंगाला हात लावून उपचार केलेले तास किती? साडेपाच! बाकीच्या वेळात काय? फोन उचलणं. "मॅडम, आज येऊ का?" ला उत्तर देणं. सुट्टे पैसे शोधणं. पावती लिहिणं. चादर बदलणं. कोणाच्या किती सिटिंग झाल्या ते आठवणं.

म्हणजे अर्धा दिवस त्या फिजिओ नव्हत्याच. रिसेप्शनिस्ट होत्या, आणि ते पण विनापगारी.

डॉक्टरनेच करायचं काम कोणतं?

इथे मी त्यांना मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची गोष्ट सांगितली. डॉ. जी. वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त झाले आणि 1976 साली त्यांनी 11 खाटांवर सुरुवात केली. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, तरी मोतीबिंदूची ऑपरेशन्स करायचे. आज ती जगातल्या मोठ्या नेत्रसेवांपैकी एक आहे.

त्यांची पद्धत साधी आहे. सर्जनने फक्त सर्जनचं काम करायचं. तपासणीची तयारी, पेशंटला समजावणं, ऑपरेशनची मांडामांड हे सगळं गावाकडच्या मुलींना नीट ट्रेनिंग देऊन त्यांच्याकडे सोपवलेलं. शेजारी दुसऱ्या टेबलवर पुढचा पेशंट तयार असतो. सर्जन थांबत नाही, आणि धावतही नाही.

मग ताईंच्या वहीतल्या कामांपुढे आम्ही तीन खुणा केल्या:

1. मीच करायचं: तपासणी, व्यायाम ठरवणं, उपचार. हे शिक्षण नसलेल्या माणसाकडे कधीच द्यायचं नाही. पैसे वाचवायला मशीन लावायचं काम हेल्परला देऊ नका, तो पेशंटच्या जिवाशी खेळ आहे.
2. दुसरा करू शकतो: फोन, अपॉइंटमेंट, पावती, चादरी, फाइल.
3. करायचंच कशाला: दिवसभर व्हॉट्सॲपवर तेच ते पत्ता-वेळ-फी सांगणं. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय मोफत आहे. एकदा लिहून ठेवा, संपलं.

"माणूस परवडत नाही" चा हिशोब

ताई लगेच म्हणाल्या, "सर, माणूस परवडत नाही." आपण सगळे हेच म्हणतो. बसा, हिशोब करू. संध्याकाळच्या चार तासांसाठी मुलगी, महिना 7000 रुपये. ताईंची एक सिटिंग 400 ची. म्हणजे महिन्याला 18 सिटिंग जास्त झाल्या की पगार निघाला. कामाचे 26 दिवस धरले, तर दिवसाला एक सुद्धा नाही! आणि वाया जात होते रोजचे पाच-साडेपाच तास.

पुढचा घोळ वेळेचा होता. सगळ्यांना "या संध्याकाळी" सांगायचं आणि सहा वाजता बाकावर सात माणसं. आता नोकरीवाल्यांना संध्याकाळ, आजी-आजोबा आणि गृहिणींना सकाळी अकरा ते एक. प्रत्येकाला ठरलेली वेळ, आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज. रोज दोन जागा मुद्दाम रिकाम्या, कारण कोणाची कंबर विचारून धरत नाही.

फुकट काहीच मिळत नाही

खरं सांगतो, पहिला महिना त्रासाचा गेला. नवीन मुलीने दोनदा एकाच वेळेला दोन पेशंट बोलावले. काही जुने पेशंट रुसले, "मॅडम आता मोठ्या झाल्या, फोन उचलत नाहीत." तीन-चार जण सोडून गेले. ताईंचा मला रात्री फोन, "सर, परत मीच सगळं बघते."

मी एवढंच म्हटलं, "चूक मुलीची नाही, कागदाची आहे. तुम्ही तोंडी सांगितलं, लिहून दिलं नाही." त्यांनी एका पानावर अपॉइंटमेंट द्यायची पद्धत लिहिली आणि काउंटरवर चिकटवली. मी माझ्या दुकानात रेटची वही केली होती, तसंच.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट पगार नव्हती. रिकामं बसलं की अपराधी वाटणं, ही होती. आपल्याकडे घामाघूम माणूस कष्टाळू, आणि शांत बसलेला आळशी. मित्रांनो, गल्ल्यावर गर्दी दिसते म्हणजे धंदा वाढतोय असं नाही. कधी कधी ती फक्त आपल्या गोंधळाची गर्दी असते.

आता ताई सव्वासातला निघतात. साडेसातची अपॉइंटमेंट वहीत रोज लिहिलेली असते, नावापुढे एकच शब्द: बाबा. फी घेत नाहीत, पण वेळ कोणालाच देत नाहीत.

या आठवड्याचा होमवर्क: क्लिनिक असो, पार्लर असो की किराणा, एक वही घ्या. तीन दिवस, दर अर्ध्या तासाला लिहा. चौथ्या दिवशी तीन खुणा करा. आणि दुसऱ्या खुणेतलं फक्त एक काम, एकच, लिहून दुसऱ्याच्या हातात द्या. पुढच्या आठवड्यात भेटू, तेव्हा ती वही सोबत असू द्या.