अडीचशे एकरांचा लहान शेतकरी

२५० एकरांचा धनी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चिरेबंदी वाडा नि पंचक्रोशीतला दरारा उभा राहतो. ब्राझीलच्या ॲमेझॉन अरण्यात मात्र अशाच माणसाची गणना लहान शेतकऱ्यांत होते! १९७० साली तिथल्या सरकारने अरण्य चिरून ट्रान्सॲमेझॉनिक महामार्ग काढायला घेतला आणि त्याच्या दुतर्फा गरीब कुटुंबांना १०० हेक्टरांचे, म्हणजे सुमारे २५० एकरांचे, तुकडे दिले. पण तुकडा म्हणजे किर्र रान. आणि ते कसायला घरचीच चार माणसे!

माप एक, तेव्हा शेतकरीही एकाच जातीचे, असे सरकारी कागदाला वाटते. मला विचाराल तर त्यांची वर्गवारी एकरांवर करूच नये. तीन प्रश्न विचारावेत : पोट कशावर भरते? रोकड कशातून येते? राबणारे हात किती?

या कसोटीला पहिला उतरतो तो नदीकाठचा. पुराने आणलेल्या गाळात तो पेरतो, मासे धरतो, असाई माडाची फळे उतरवतो. दुसरा रान तोडून जाळतो, राखेवर भात, मका, कसावा घेतो आणि दोन-तीन वर्षांनी ते शेत पडीक टाकून पुढे सरकतो. हा कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद! त्याचे कडू वाण विषारी. किसून, पिळून, भाजल्यावरच खाण्याजोगे. पण काढायची घाई नाही. महिनोन् महिने जमिनीतच कोठार!

तिसरा बागाईतदार. त्याची मदार कोको नि मिऱ्यांवर. तोमे-आसू येथे १९२९ पासून वसलेल्या जपानी कुटुंबांना आपल्या मलबारच्या मिऱ्यांनी श्रीमंत केले. पुढे वेलींवर रोग पडला, तेव्हा त्यांनी एकाच रानात कोको, फळझाडे नि इमारती लाकडाची झाडे मिसळून लावली. चौथा गुराखी. कुरणासाठी अरण्य जाते, हे खरे. पण पावसाळ्यात रस्त्याचा चिखल झाला की पोती अडकून पडतात, गाय मात्र आपल्या पायांनी बाजारात जाते. घरात आजारपण आले तर तीच बँक!

ही वर्गवारी म्हणजे पंडितांचा रिकामा उद्योग नव्हे. १९७० नंतरच्या त्या वर्षांत वसाहतकऱ्यांना भातासाठी कर्जे मिळाली. बियाणे मानवले नाही, रस्ते वाहून गेले, आणि पुष्कळजण कर्जात बुडाले. मानववंशशास्त्रज्ञ एमिलिओ मोरान यांना तिथे आढळले, की रानातली झाडे पाहून मातीची पारख करणारे नि कसाव्यावर भिस्त ठेवणारे स्थानिक काबोक्लो शेतकरी अधिक सुस्थितीत होते. सरकारने त्यांना मागासलेले मानले होते!

२००६ च्या ब्राझीली कायद्याने कुटुंबशेतीची व्याख्या करताना जमिनीच्या मर्यादेबरोबर घरच्या श्रमालाही स्थान दिले. हे योग्यच झाले. तरीही एक पेच उरतोच. मुले लहान असताना जो रान जाळून पेरतो, तोच मुले हाताशी आल्यावर कोको लावतो आणि ती शहराला गेली की गुरे पाळतो. म्हणून या शेतकऱ्याला कर्ज देणाऱ्याने सातबारा पाहावा, पण त्याआधी घरात पाने किती मांडली जातात, ते मोजावे!