सैन्याची दुकानदारी आणि शिपायाचें घर

लांकडाच्या वखारी आणि आरागिरण्या यांच्या शेजारांत वाढलेल्या आम्हां लकडगंजकरांस व्यापार म्हणजे काय हें कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु सैन्यानेंही व्यापार करावा काय, आणि केल्यास त्याचा नफा कोणाच्या पदरीं पडावा, हा प्रश्न आमच्या ओट्यांवर क्वचितच निघतो. येथून चारपांच कोसांवर कामठीची छावणी आहे. ती १८२१ सालापासूनची. त्यामुळें निवृत्त सैनिकांच्या घरचा ‘कँटीन’चा साबण, चहा आणि प्रेशर कुकर आमच्या गृहिणींच्या चांगल्या ओळखीचा आहे. हा माल स्वस्त कां, आणि त्याच्या विक्रींतून उरलेला पैसा जातो कोठें, याचा थोडा विचार आज करूं.

सैनिकांसाठीं दुकान ही कल्पना कांहीं नवी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांत भृत्यांच्या भरणपोषणाचें प्रकरण आहे. कामावर असतां मरण आलेल्याच्या स्त्रीपुत्रांस अन्न व वेतन मिळावें, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. त्याच प्रकरणांत पुढें एक युक्तिही आहे. स्वारीच्या काळीं व्यापाऱ्याच्या वेषांतील राजपुरुषांनीं सैनिकांस दुप्पट मोलानें माल द्यावा. म्हणजे राजाचा माल खपतो आणि दिलेलें वेतनही परत येतें! शिपायाच्या कुटुंबाची काळजी वाहणारें राज्य आणि त्याच शिपायाच्या कमरेचा कसा सैल करणारें राज्य, अशीं दोन्ही रूपें एकाच प्रकरणांत दिसतात.

आपल्याकडील व्यवस्था या युक्तीच्या नेमकी उलट आहे. पूर्वी लष्करी उपाहारगृहें व दुकानें ठेकेदारांच्या हातीं होतीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, सरकारनें तें काम स्वतःकडे घेतलें, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्यें आजचें कँटीन स्टोअर्स खातें उभें राहिलें. तें संरक्षण मंत्रालयाखालीं असून त्याची मुख्य कचेरी मुंबईस आहे. कारखानदारांकडून घाऊक खरेदी करावयाची, आगारांतून माल पाठवावयाचा, आणि पलटणींनीं चालविलेल्या तीन हजारांहून अधिक कँटीनांतून तो विकावयाचा, असा हा क्रम. २०१७ पासून खरेदीवरील वस्तुसेवाकराचा अर्धा भाग या खात्यास परत मिळतो. भाव उतरण्याचें तें एक कारण. नफ्याचा कांहीं भाग सरकारी तिजोरींत पडतो, व कांहीं सैनिकांच्या कल्याणासाठीं पलटणींकडे वळतो.

याच तत्त्वाचा अफाट विस्तार शेजारच्या देशांत पाहावयास मिळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, लढून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनार्थ, अखंड हिंदुस्थानांत एक निधि जमा झाला होता. १९४७ च्या फाळणींत त्याचीही वांटणी झाली. आपल्याकडे ती रक्कम मुख्यत्वें राज्यांकडे, माजी सैनिकांच्या साह्यार्थ राखीव राहिली. पाकिस्ताननें मात्र ती उद्योगांत गुंतविली, व १९५४ मध्यें फौजी फाउंडेशन ही धर्मादाय संस्था निघाली. आज खत, सिमेंट, वीज इतकेंच नव्हे, तर पेढीच्या व्यवहारापर्यंत तिचा हात पोहोंचला आहे. तिनें सैनिकांच्या कुटुंबांसाठीं रुग्णालयें व शाळा काढल्या, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु आयेशा सिद्दीका या विदुषीनें २००७ च्या आपल्या ग्रंथांत दाखविल्याप्रमाणें, सैन्याच्या हातचें हें भांडवल लोकांच्या देखरेखीबाहेर राहतें आणि त्याचा लाभ वरच्या अधिकाऱ्यांस अधिक पोहोंचतो.

आपल्या महाराष्ट्रानें तिसरी वाट धरली. २००२ मध्यें राज्य सरकारनें पुण्यास माजी सैनिक महामंडळ स्थापिलें. तें निवृत्त जवानांस मुख्यत्वें सुरक्षारक्षकाचें काम मिळवून देतें. येथें व्यापारी सैन्य नव्हे, राज्य सरकारची कंपनी आहे. आणि शिपायास दान नव्हे, मजुरी मिळते.

म्हणून आपल्या घरीं सारें आलबेल आहे, असें मात्र समजूं नये. पलटणीच्या कँटीनांत माल मोजून देणारा नोकर कोणाचा? २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यास सरकारी नोकर मानलें. २००९ मध्यें त्याच न्यायालयानें तो निर्णय फिरविला. सैनिकांच्या सुखासाठीं राबणारा हा माणूस मग सरकारी सवलतींस मुकला. जें दुकान कल्याणासाठीं आहे, त्याच्या गल्ल्यापाठीं उभ्या असलेल्याचें कल्याण कोणी पाहावयाचें?

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हें सहज उमजेल. कर्त्या पुरुषानें जोडधंदा करून विधवा वहिनीस व पोरक्या पुतण्यांस पोसलें, तर तो धन्यच. परंतु त्या धंद्याची वही त्यानें घरांतल्यांपासून कुलुपांत ठेवली, तर कालांतरानें वहिनीस आपला हक्काचा घांस उपकाराचा वाटूं लागतो, आणि भावाभावांत संशय शिरतो. सैनिकाच्या विधवेचें निवृत्तिवेतन, त्याच्या मुलांचें शिक्षण, जखमी जवानाचें औषधपाणी हें सारें राष्ट्राच्या तिजोरींतून, हक्कानें आलें पाहिजे. दुकानाच्या नफ्यानें त्यावर सुखसोयींची भर घालावी. त्या कर्तव्याची जागा घेऊं नये. आणि वही उघडी असावी.

गृहस्थांचाही यांत वांटा आहे. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशीं ध्वजनिधींत घरटी कांहीं रक्कम पडावी, आणि त्याबरोबर ती कशी खर्चिली जाते हें विचारण्याची संवयही आपल्या घरांतून लागावी, एवढीच आमची विनंती आहे.