गटाचा जुना संगणक आणि लिनक्सची वाणे



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गटाचा संगणक चादरीत गुंडाळून, ऑटोत मांडीवर घेऊन आम्ही दोघी राजापेठेत दुरुस्तीला गेलो. संगणक जुनाच, घेतला तेव्हाही दुसऱ्याच्या हातचा होता. पण त्यात कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब, पापड-कुरडयांच्या ऑर्डरी, बैठकांचे ठराव असे सगळे होते. दुकानदाराने बटण दाबले, सुरू व्हायची वाट पाहिली आणि म्हणाला, "ताई, याच्यात आता काही राह्यलं नाही. विंडोज दहा बंद झालं, अकरा याच्यावर चढत नाही. नवीन घेऊन टाका." नवीन म्हणजे तीस-पस्तीस हजार. आमच्या गटात महिन्याची बचत बाईमागे शंभर रुपये. तुम्हीच हिशेब करा.

दुकानदार अगदी खोटे बोलत नव्हता. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. संगणक त्या दिवशी बंद पडत नाही, पण नवी कीड आली तर फवारणी मिळत नाही, असे समजा. आणि विंडोज ११ ला जी यंत्रे लागतात ती आमच्याकडे नव्हती. शिवाय आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. सुरुवातीला ज्याने आम्हाला विंडोज टाकून दिले होते, त्याने चोरटी प्रत टाकली होती. पावती नव्हती, परवाना नव्हता. म्हणजे इतकी वर्षे आमच्या हिशेबाच्या वहीखाली पाट होता तो चोरीचा!

परत येताना एमएस-सीआयटी झालेली आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "लिनक्स टाकून पाहू ना." लिनक्स हे कोणत्या कंपनीचे, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, कोणत्याच कंपनीचे नाही. तिथून आमचे शिकणे सुरू झाले. त्यातले जे उमगले ते आज सांगतो.

आधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते. लग्नघरात एक बाई असते, जिच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या असतात. आचारी तेल मागतो, वाढपी पत्रावळी मागतात, पाहुणे पाणी मागतात. कोणाला काय, किती आणि कधी द्यायचे हे तीच ठरवते. ती नसेल तर सामान भरलेले असूनही पंगत बसत नाही. संगणकात ते काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. त्यातही अगदी आतला भाग, जो यंत्राशी थेट बोलतो, त्याला कर्नल म्हणतात. आपण गाभा म्हणू. विंडोज ही एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. लिनक्स हा खरे तर नुसता गाभा आहे, आणि त्याच्याभोवती रचलेल्या सिस्टिम शेकड्यांनी आहेत. तुमच्या पदराला बांधलेल्या अँड्रॉइड मोबाइलमध्येही गाभा लिनक्सचाच आहे. म्हणजे आपण सगळ्या जणी आधीपासूनच लिनक्स वापरत होतो, नाव माहीत नव्हते इतकेच.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या एका अडकलेल्या प्रिंटरपासून. एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे संगणकतज्ज्ञ होते. १९८० च्या सुमारास तिथे एक नवा प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. कागद अडकला की लोकांना कळावे, एवढी सोय त्यांना प्रोग्रामात करायची होती. जुन्या प्रिंटरला त्यांनी तसे केलेही होते. पण नव्याचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्राम ज्या ओळींत लिहिलेला असतो तो, त्यांना कोणी देईना. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करायला परवानगी नाही, हे त्यांना पटले नाही. १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केले की सगळ्यांना पाहता, बदलता आणि वाटता येईल अशी सिस्टिम आपण घडवू. तिचे नाव ग्नू. पुढच्या काही वर्षांत तिची बरीच अवजारे तयार झाली, गाभा मात्र राहून गेला.

तो आला फिनलंडहून. हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने इतर संगणकप्रेमींना कळवले की मी हौसेखातर एक छोटी सिस्टिम लिहितो आहे, तुम्हाला तिच्यात काय हवे ते सांगा. त्याने मनात नाव ठेवले होते 'फ्रीक्स'. पण ज्या मित्राने ती वाटपासाठी ठेवली, त्याने परस्पर 'लिनक्स' असे लिहून टाकले. बारशाला आत्याने कानात वेगळेच नाव सांगावे तसे झाले! १९९२ मध्ये लिनसने ती स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याखाली खुली केली. सगळी मेख त्या परवान्यात आहे.

आपल्या वऱ्हाडात हे समजावून सांगायला बियाण्यासारखे दुसरे उदाहरण नाही. आपल्या सासवा-आजेसासवा खळ्यावर ज्वारीची टपोरी कणसे निवडून ठेवत. राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात बी टिकवत. शेजारणीने मागितले तर पायलीभर देत. ते तिच्या काळ्या रानात पाच-सहा वर्षे पिकले, तिने तिच्या पद्धतीने निवडले, की हळूहळू वेगळेच वाण होई. कोणी भाकरीला गोड, कोणी कडब्याला उंच. आता पऱ्हाटीच्या संकरित बियाण्याचे पाकीट दर वर्षी नवे आणावे लागते, कारण घरची सरकी पेरली तर तसे पीक येत नाही. परवान्याचे सॉफ्टवेअर त्या पाकिटासारखे आहे. वापरा, पण आत काय आहे पाहू नका आणि शेजारणीला देऊ नका. लिनक्स हे घरच्या बियाण्यासारखे आहे. वापरा, पाहा, सुधारा, वाटा. जीपीएलची अट एवढीच की सुधारलेले वाण दुसऱ्याला दिले, तर ते कसे सुधारले तेही त्याला द्यायचे, आणि तुम्हाला मिळालेले हक्क त्यालाही द्यायचे. अडवून ठेवायचे नाही. बियाण्यापेक्षा एक गोष्ट तर बरीच, पायलीभर दिले तरी आपली कणगी रिती होत नाही.

गटात हे सांगितले तेव्हा एक काकू म्हणाल्या, "फुकट भेटते म्हंता, मंग त्याइचं पोट कसं भरते?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वाणांच्या गोष्टीतच मिळते.

नुसता गाभा घेऊन तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही. कोणीतरी तो घ्यायचा, त्याला खिडक्या, कीबोर्ड, हिशेबाचे तक्ते, चित्रे जोडायची, सगळे एकमेकांशी जुळते का ते तपासायचे आणि गाठोडे करून द्यायचे. अकोल्याच्या महाबीजची पिशवी कशी असते, निवडलेली, तपासलेली, वर खूणचिठ्ठी लावलेली? तसेच. या गाठोड्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, लाडाने डिस्ट्रो. १९९३ च्या जुलैत स्लॅकवेअर निघाले. आज चालू असलेल्यांत ते सगळ्यात जुने. पुढच्याच महिन्यात इयान मरडॉक या विद्यार्थ्याने डेबियन सुरू केले. नाव कसे केले? तेव्हाची त्याची मैत्रीण डेब्रा, तिचे डेब, आणि स्वतःचे इयान. डेबियनमागे कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात, मतदान करून आपला प्रमुख निवडतात. आपल्या गटाच्या अध्यक्षीण निवडीसारखेच, फक्त भांडणे ईमेलवर.

रेड हॅट लिनक्स १९९४ चे. ते सुरू करणारा मार्क युइंग कॉलेजात आजोबांची लाल टोपी घालून फिरायचा, त्यावरून नाव. आणि काकूंच्या प्रश्नाचे उत्तर ही कंपनीच आहे. बियाणे खुले ठेवायचे आणि पैसे घ्यायचे ते सेवेचे. बँका, विमा कंपन्या, मोठी कार्यालये यांना रात्री-बेरात्री दुरुस्त करून देणारा माणूस लागतो, त्याची वर्गणी. २०१९ मध्ये आयबीएमने ही कंपनी सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. फुकटाच्या धंद्यात किती पैसा असू शकतो ते पाहा. अर्थात सगळ्यांचे असे भले होत नाही. पुष्कळ डिस्ट्रो दोन-चार माणसांच्या रात्रीच्या जागरणावर चालतात आणि ती माणसे थकली की बंद पडतात.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांनी उबंटू काढले. उबंटू हा तिकडच्या भाषांतला शब्द, आपले माणूसपण इतरांमुळे आहे अशा अर्थाचा. तेव्हा इंटरनेट सगळ्यांकडे नव्हते, म्हणून मागेल त्याला ते टपालाने सीडी पाठवत, टपालखर्चही न घेता. डेबियन घेऊन, ते सोपे करून त्यांनी उबंटू बनवले. २००६ मध्ये उबंटू घेऊन, ते आणखी ओळखीचे वाटेल असे करून मिंट निघाले. म्हणजे डेबियन आजी, उबंटू लेक, मिंट नात. ज्याला जे खटकले त्याने वेगळी चूल मांडली, म्हणून इतकी वाणे. आमच्या मते जरा जास्तच झाली. नवीन माणूस नावे ऐकूनच गांगरतो.

डेबियनची एक लेक आपल्या देशातही आहे. 'बॉस' तिचे नाव, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स. केंद्र सरकारची सी-डॅक संस्था पुण्याची, पण बॉस घडले तिच्या चेन्नईच्या केंद्रात, २००७ मध्ये. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट गावच्या छोट्या शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले होते. 'मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतले. त्यांच्यातही लिनक्सच होते, रेड हॅटच्या घराण्यातल्या फेडोराचे. केरळच्या सरकारी शाळांत तर मुले संगणक शिकतात ते लिनक्सवरच.

आणि मराठी अक्षरांचे काय? पूर्वी एका संगणकावर टाइप केलेले मराठी दुसऱ्यावर उघडले की किडामुंगी दिसायची, आठवते ना? प्रत्येकाचा फाँट वेगळा. पुढे युनिकोड आले, तरी खुले फाँट हवेच होते. रेड हॅटने २००४ पासून 'लोहित' नावाचे भारतीय लिप्यांचे फाँट खुले केले. लोहित म्हणजे तांबडा, टोपीच्या रंगाचा. त्यांच्या पुण्याच्या कार्यालयातल्या मंडळींनी त्यावर बरेच काम केले. 'फाइल उघडा', 'जतन करा' असे शब्द मराठीत आणायला कितीतरी जणांनी हौसेने भाषांतरे केली. काही ठिकाणी ती फार जड आहेत. 'संचयिका' म्हटले की आमच्यातल्या निम्म्या जणींना पोस्टातले खातेच आठवते.

ज्या बहिणींना पोटगीच्या नाहीतर जमिनीच्या दाव्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, त्यांनी हे ऐका. ई-कोर्ट प्रकल्पात न्यायालयांच्या संगणकांसाठी उबंटू निवडले गेले, आणि दाव्याची पुढची तारीख जिच्यातून आपल्याला मोबाइलवर दिसते ती नोंदप्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्याच्या कार्यालयात तयार झाली, तीही खुल्या सॉफ्टवेअरवर. पावसाच्या अंदाजासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये बसवलेला 'प्रत्युष' हा महासंगणकही लिनक्सवर चालणारा. फुकटचे म्हणजे हलके, असे कोणी म्हणाले तर हे सांगा.

आता आमच्या संगणकाकडे येऊ. सगळ्यात आधी त्यातले सगळे कागद दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. हे न करता कोणी हात लावू देऊ नका, कितीही जाणकार असला तरी. मग मुलीने दुसऱ्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर मिंटची हलकी आवृत्ती, एक्सएफसीई नावाची, तयार केली. गंमत म्हणजे लिनक्स आत न बसवताही पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. आवडले नाही तर काढा, आतले विंडोज जसेच्या तसे. आम्ही तीन दिवस तसेच चालवले. वायफाय लागले, आवाज आला, पडद्यावर मराठी नीट दिसले. चौथ्या दिवशी ठराव घेतला आणि बसवले. आमच्यात चार जीबी रॅम आहे, तेवढ्यात भागते. याहून कमी असेल तर लुबुंटू पाहा.

हिशेबासाठी लिबरऑफिस आत येतेच. एक्सेलचे आमचे जुने तक्ते त्यात उघडले, दोन ठिकाणच्या बेरजा मात्र पुन्हा घालाव्या लागल्या. त्रास झालाच नाही असे नाही. टॅली थेट चालत नाही, म्हणून ज्यांचा सगळा कारभार टॅलीवर आहे त्यांनी घाई करू नये. प्रिंटर घ्यायच्या आधी तो लिनक्सवर चालतो का हे विचारून घ्या. आमच्या स्कॅनरने अजून ऐकलेले नाही, कागदांचे फोटो मोबाइलवरच काढतो. ज्या ताईंचा हात जुन्या टंकलेखनाच्या कीबोर्डवर बसला होता, त्या इन्स्क्रिप्ट शिकताना महिनाभर चिडल्या होत्या.

राजापेठेतल्या त्या दुकानात आम्ही परत गेलो, माउस आणायला. दुकानदाराने विचारले, नवीन कोणता घेतला? आम्ही सांगितले, जुनाच आहे, लिनक्स टाकले. तो म्हणाला, माझ्याकडे असे सात-आठ डबे मागे पडून आहेत, तुमच्या त्या मुलीला पाठवता का एकदा? मुलगी जायला तयार आहे. मजुरी किती सांगायची, तो विषय येत्या बैठकीत ठेवला आहे.