विद्युत मोटारीने दर्शनास येणाऱ्या भक्तजनांसाठी : जलद चार्जिंग आणि परतीचा घाट



बेळगाव, कोल्हापूर, पुणे येथून घाट उतरून श्रींच्या दर्शनास येणाऱ्या कुटुंबांत विजेवर चालणाऱ्या मोटारींचे प्रमाण वाढत आहे. अशा कुटुंबांकडून देवस्थान कार्यालयास हमखास विचारले जाते, की रात्री अग्रशाळेत गाडी चार्ज करता येईल काय? याचे उत्तर नम्रपणे परंतु स्पष्टपणे नाही असे आहे. खोलीतील प्लगमधून फार तर ३ किलोवॅट वीज मिळते. ४० युनिटांची बॅटरी त्यावर भरण्यास तेरा-चौदा तास लागतात. अग्रशाळेचे जुने वायरिंग दिवे व पंख्यांपुरते आहे. रात्रभर एवढा भार वाहिल्यास सांधे तापतात, आणि त्याच छपराखाली वृद्ध माणसे व लहान मुले निजलेली असतात. खिडकीतून वायर सोडून गाडीस जोडण्याचा प्रकार कृपया कोणीही करू नये.

तेव्हा मार्ग उरतो तो सार्वजनिक जलद चार्जिंग केंद्राचा. घरच्या विजेचे रूपांतर गाडीतील लहानसे यंत्र करते, म्हणून वेळ लागतो. जलद केंद्रातील मोठे यंत्र ते काम बाहेरच उरकून वीज थेट बॅटरीस देते. मात्र फलकावरील ६० किंवा १२० किलोवॅट हा आकडा आपल्या वाट्यास येईलच असे नाही. गाडीची स्वतःची मर्यादा असते. शिवाय एकाच यंत्राच्या दोन्ही गन लागलेल्या असतील तर शक्ती बहुधा विभागली जाते. ५० किलोवॅट घेणाऱ्या गाडीची ४० युनिटांची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर येण्यास पाऊण तासाच्या आसपास लागतो. उरलेल्या २० टक्क्यांस अनेकदा तितकाच वेळ जातो. म्हणून ८० टक्क्यांवर गन काढून मागील गाडीस जागा द्यावी, हे सोयीचेही आणि सौजन्याचेही.

आता मुख्य मुद्दा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि आपले अंत्रुज महाल जवळजवळ समुद्राच्या पातळीस. चोर्ला घाट उतरताना गाडीची मोटर जनित्रासारखी चालून थोडी वीज बॅटरीस परत देते. (बॅटरी काठोकाठ भरलेली असल्यास ही वीज घेण्यास जागाच नसते व सारा भार ब्रेकवर येतो. बेळगावहून १०० टक्के भरून निघण्याचा हव्यास यासाठीही नको.) त्यामुळे येताना खर्च इतका कमी दिसतो, की परतीसही तेवढेच पुरेल असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. पाच माणसे व सामान धरून दोन टन वजन तेवढे वर चढविण्यास चार ते पाच युनिटे जादा लागतात. अंतर ११० किलोमीटर धरल्यास आमच्या ढोबळ हिशेबाने येताना १४ युनिटे, तर जाताना २१ ते २२ लागतील, म्हणजे दीडपट. हाताशी थोडी शिल्लक धरून ४० युनिटांच्या बॅटरीत निदान पाऊण साठा असल्याखेरीज घाटाच्या पायथ्यापासून वर निघू नये.

हा साठा घाटाखालीच, शहरी भागात करावा, आणि तोही शक्यतो दर्शनापूर्वी. महाप्रसादानंतर चार वाजता केंद्र शोधावयास निघाले, की रांग लागते व घाटात अंधार गाठतो. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्र अपेक्षिले होते. परंतु घाटाचा रस्ता दाट अरण्यातून जातो, तेथे या भरवशावर राहू नये.

अ‍ॅपवर केंद्र ‘उपलब्ध’ दिसले तरी यंत्र बंद असू शकते. म्हणून आवाक्यात दुसरे केंद्र आहे ना, हे आधीच पाहावे. निरनिराळ्या कंपन्यांची अ‍ॅप वेगळी. ती घरूनच उतरवून त्यांत पैसे भरून ठेवावेत, कारण घाटात ओटीपी येण्याइतके नेटवर्क सर्वत्र मिळत नाही. दर साधारणतः युनिटास १५ ते २५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. आपली गाडी सीसीएस-२ प्रकारची गन घेते ना, हेही पाहावे. काही लहान गाड्यांना जलद चार्जिंगची सोयच नसते.

वाहनतळावर स्वतंत्र मीटर व केबल घेऊन चार्जिंगची सोय करावी, अशी सूचना काही महाजनांनी केली आहे. ती आम्हांस योग्य वाटते. मात्र तिचा खर्च अन्नदान वा दीपपूजेच्या निधीतून न करता वापरणाऱ्यांकडून युनिटामागे वसूल व्हावा, असे आमचे मत आहे. हा विषय महाजनांच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल. तोपर्यंत अभिषेकाची वेळ नोंदविताना आपण विद्युत मोटारीने येत असल्याचे कळवावे. वाटेत चार्जिंगपायी उशीर झाल्यास आपली पाळी त्याच दिवशी पुढे घेण्याचा प्रयत्न कार्यालय करील.