एकच रोल, चार चौकटी

मीडियम फॉरमॅट हे नाव निगेटिव्हच्या आकारावरून पडले आहे. ३५ मिलिमीटरच्या नेहमीच्या फिल्मपेक्षा मोठी आणि एकेक पान सुटे भरावे लागणाऱ्या शीट फिल्मपेक्षा लहान अशी जी निगेटिव्ह, ती मध्यम. कोडॅकने १९०१ मध्ये ब्राउनी मालिकेतील क्रमांक दोनच्या पेटीवजा कॅमेऱ्यासाठी काढलेला १२० हा रोल आजही या वर्गातील कॅमेऱ्यांना लागतो. त्यातील १२० हा आकडा कोणत्याही मापाचा निदर्शक नसून कोडॅकच्या यादीतील निव्वळ अनुक्रमांक आहे. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची फिल्म, तिच्या पाठीला प्रकाश अडवणारा कागद आणि हे दोन्ही गुंडाळलेले एक रीळ एवढाच हा सरंजाम असून, फिल्मची चित्रासाठी वापरता येणारी रुंदी सर्व कॅमेऱ्यांत जवळजवळ सारखीच, म्हणजे ५६ मिलिमीटर असते. बदलते ती चौकटीची दुसरी बाजू. ती ४१.५ मिलिमीटर असेल तर रोलवर १५ किंवा १६ छायाचित्रे बसतात आणि त्या आकाराला ६४५ म्हणतात; ती ५६ असेल तर १२ चौरस चित्रे मिळतात, ७० च्या आसपास असेल तर १० आणि ८४ असेल तर केवळ ८.

या आकारांचा अर्थ प्रिंट काढताना उघड होतो. १६ बाय २० इंचांच्या कागदासाठी ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह सुमारे १७ पट मोठी करावी लागते, तर ६×७ ची निगेटिव्ह सव्वासात पटच. त्यामुळे फिल्मवरील रुपेरी कण कमी फुगतात आणि गालावरची छटा कपाळावरच्या छटेत विरघळताना मधल्या पायऱ्या दिसत नाहीत. मात्र या लाभाची किंमत प्रकाशात चुकवावी लागते. चौरस निगेटिव्हवर ८० मिलिमीटरचे भिंग जेवढे दृश्य टिपते, तेवढेच ३५ मिलिमीटरवर ५० च्या आसपासचे भिंग टिपते. परंतु लांब भिंगामागे स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग रेखीव दिसतो ते अंतर, आखडते. ती परत मिळवायची तर भिंगाचे छिद्र दीड-दोन पायऱ्यांनी लहान करावे लागते, त्यामुळे शटर तेवढेच संथ होते आणि मग तिपाई बरोबर बाळगणे आले. मोठ्या निगेटिव्हची तीक्ष्णता हात हलल्याने गमावणारे छायाचित्रकार थोडे नाहीत.

म्हणून कॅमेऱ्याच्या नावाआधी चौकट ठरवावी, हे अधिक तर्कसंगत ठरते. नामांकित निर्मात्यांच्या भिंगांतील फरक सामान्य आकाराच्या प्रिंटमध्ये क्वचितच ओळखू येतो. चौकट मात्र प्रत्येक चित्रात दिसते. चौरसाचा मोठा गुण असा, की कॅमेरा उभा-आडवा करण्याचा प्रश्नच उरत नाही. तथापि प्रिंट काढताना दर वेळी चौरस छाटून आयत करणाऱ्याच्या हाती शेवटी ६४५ एवढेच क्षेत्रफळ उरते, आणि अशा माणसाने ६४५ चा कॅमेरा घेतल्यास त्याला त्याच रोलवर तीन-चार चित्रे अधिक मिळतात.

चौरस चौकटीला सर्वाधिक ओळख मिळवून दिली ती जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे १९२९ मध्ये बाजारात आलेल्या रोलायफ्लेक्सने. हा ट्विन लेन्स रिफ्लेक्स, म्हणजे दोन भिंगांचा कॅमेरा : वरच्या भिंगातून आलेले दृश्य आरशावरून वळून माथ्यावरच्या काचेवर उमटते आणि खालच्या भिंगातून चित्र फिल्मवर पडते. आरसा हलत नसल्याने धक्का नाही, आवाजही नाममात्र. छायाचित्रकार कमरेपाशी धरलेल्या कॅमेऱ्यात मान झुकवून पाहतो, त्यामुळे समोरच्या माणसावर डोळा रोखला जात नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या वृत्तछायाचित्रणातील साधनांत रोलायफ्लेक्स होता. काचेवरचे दृश्य डावे-उजवे उलट दिसते, ही मात्र या रचनेची अडचण, आणि पळत्या मुलाचा पाठलाग करताना ती चांगलीच जाणवते. शिवाय दोन भिंगांत काही सेंटिमीटरचे अंतर असल्याने, अगदी जवळच्या वस्तूचे डोळ्याला दिसलेले आणि फिल्मवर उमटलेले चित्र तंतोतंत जुळत नाही. याशिका मॅट १२४ जी हा याच घडणीचा जपानी कॅमेरा तुलनेने परवडतो; त्याच्या प्रकाशमापकासाठी नेमलेली पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, परंतु शटर पूर्णतः यांत्रिक असल्याने मापक बंद पडला तरी काम अडत नाही.

भिंग आणि फिल्मची पेटी दोन्ही बदलता यावीत, अशी ज्यांची गरज असते त्यांना एकभिंगी रिफ्लेक्सकडे वळावे लागते. स्वीडनच्या हासेलब्लाडने १९४८ मध्ये आणलेल्या पहिल्या नमुन्यात शटर फिल्मच्या पुढ्यात, धातूच्या पातळ पडद्याचे होते आणि ते नाजूक ठरले. १९५७ च्या ५०० सी मध्ये शटर प्रत्येक भिंगाच्या आतच बसवण्यात आले. या बदलाने भिंगे महागली, पण सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंतच्या प्रत्येक वेगाला फ्लॅश जुळू लागला. याउलट पेंटॅक्स ६७ चे पडद्याचे शटर फ्लॅशशी सेकंदाच्या तिसाव्या भागालाच जुळते, म्हणून भर उन्हात चेहऱ्यावरची सावली फ्लॅशने उजळू पाहणाऱ्याला तो कॅमेरा निरुपयोगी वाटण्याची शक्यता असते. १९७० चा मामिया आरबी ६७ आयताकृती चौकट देऊनही कॅमेरा आडवा करायला लावत नाही, कारण त्याची मागची पेटीच फिरते. वजन मात्र भिंगासह अडीच किलोहून अधिक, त्यामुळे स्टुडिओत तो राजा आणि गड चढताना ओझे. भटकंतीला आरसाच नसलेला मामिया ७ सोयीचा. त्यात अंतर जुळवण्याची खिडकी वेगळी असते, जवळचे टिपता येत नाही आणि बॅटरी संपली की शटर उघडत नाही.

भारतीय घरांत मीडियम फॉरमॅट पोहोचला तो या महागड्या यंत्रांच्या कितीतरी आधी आणि त्या नावाशिवाय. वडोदऱ्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री १२० च्याच रोलवर १२ चौरस चित्रे काढत असे. त्याचे भिंग साधे होते, तरीही त्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या साडेतीन पटींहून अधिक, त्यामुळे जुन्या डब्यात जपलेल्या अशा निगेटिव्ह आज स्कॅन केल्यास अनपेक्षित तपशील हाती लागतो.

या कॅमेऱ्यांपैकी बहुतेकांचे उत्पादन थांबलेले असल्याने खरेदी सहसा जुन्या मालाचीच होते, आणि तिथे नमुन्याच्या कीर्तीपेक्षा समोरच्या नगाची अवस्था महत्त्वाची ठरते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते; भिंगामागे विजेरी धरून तिरके पाहिल्यास ती दिसते, आणि काचेवरचा लेप तिने एकदा खाल्ला की साफसफाईनेही तो परत येत नाही. शटर एक सेकंदावर लावून कान द्यावा : आतले वंगण सुकले असेल तर ते रेंगाळते किंवा मध्येच अडकते. भात्याच्या कॅमेऱ्यात अंधाऱ्या खोलीत आतून उजेड पाडून घड्यांच्या कोपऱ्यांतील छिद्रे शोधावीत. चौकटींमधले अंतर समान आहे की चित्रे एकमेकांवर चढतात, हे मात्र रोल धुतल्यावरच कळते, म्हणून परत करण्याची मुदत तेवढी तरी मागून घ्यावी. आणि कॅमेऱ्यात एक रिकामे रीळ आहे ना, हेही पाहावे. १२० चा रोल एका रिळावरून सुटून दुसऱ्यावर गुंडाळला जातो आणि रिकामे झालेले रीळ पुढच्या रोलच्या कामी येते. ते पहिले रीळच नसेल, तर कॅमेरा कितीही उत्तम असला तरी नवा रोल त्यात भरता येत नाही.